पालाश की पोटॅशियम? कलाभवनाचा धडा आणि वैद्यकाचा विद्यार्थी

बडोद्याच्या इतिहासाच्या गप्पा सुरू झाल्या की कलाभवनाचं नाव निघतंच. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने ही संस्था उभी राहिली. रसायनाचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर तिचे पहिले प्रमुख. शिक्षण मातृभाषेतून आणि हाताने काम करून. दादासाहेब फाळके इथे शिकून गेले हे आपण अभिमानाने सांगतो. १९०७ साली अलेम्बिक निघाली, तिच्या उभारणीतही गज्जरांचा वाटा होता. इथवर सगळं ठीक. पण हल्ली या गोष्टीच्या शेवटी एक वाक्य जोडलं जातं: ‘कलाभवनात रसायन मातृभाषेतून शिकवता आलं, म्हणून डॉक्टरकीचं रसायनही तसंच शिकवता येईल.’ माझी तक्रार या ‘म्हणून’बद्दल आहे.

आधी कलाभवनाचं यश नेमकं कशात होतं ते पाहू. रंगाईचं रसायन शिकणाऱ्या मुलाच्या तोंडी त्या पदार्थांची नावं आधीपासूनच होती. तुरटी, मोरचूद, हिराकस, नवसागर, सोरा, टाकणखार ही पंडितांनी घडवलेली नावं नव्हेत. ती बाजारातली, गांध्याच्या दुकानातली. कापडाला रंग पक्का बसावा म्हणून तुरटी वापरतात, हे छिप्याच्या पोराला घरीच माहीत असे. त्याला माहीत नसे ते ‘का’. हा ‘का’ त्याच्याच भाषेत सांगणं, हे कलाभवनाचं खरं काम.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याचं तसं नाही. त्याला लागणाऱ्या सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड या कणांना बाजारात नाव नव्हतंच. मग नावं घडवावी लागली. जुन्या मराठी ग्रंथांत, केतकरांच्या ज्ञानकोशात, ती भेटतात: हायड्रोजन तो उज्ज, क्लोरीन तो हर, सोडियम म्हणजे सिंधु, पोटॅशियम म्हणजे पालाश. मीठ झालं ‘सिंधुहरिद’.

या नावांना हसणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. ‘हरिद’ आणि ‘प्राणिद’ यांतला ‘इद’ इंग्रजीतल्या ‘आइड’च्या जागी नेमका बसवलेला आहे, म्हणजे नावावरून घटना कळते. ‘पालाश’ म्हटलं की पळसाची राख आठवते, आणि तिकडे ‘पोटॅश’ हा शब्दही भांड्यातल्या राखेवरूनच आला. हे काम करणारी माणसं अडाणी नव्हती. त्यांची चूक वेगळीच होती. नाव मराठी केलं की विषय मराठी झाला, असं त्यांनी धरलं.

वॉर्डातलं एक उदाहरण घेऊ. आपल्याकडे मिळणाऱ्या पोटॅशियम क्लोराइडच्या नेहमीच्या १० मिलिलिटरच्या कुपीत १५ टक्क्यांचं द्रावण असतं, म्हणजे दीड ग्रॅम क्षार. पाण्यासारखं स्वच्छ, मिठाच्या पाण्यासारखंच दिसणारं. हे पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. मिठाचं पाणी समजून ही कुपी टोचल्याने जगभर माणसं दगावली आहेत. तिथे उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरला कुपीवरचं नाव वाचता आलं पाहिजे, आणि कुपीवर ‘पालाशहरिद’ कधीच लिहिलेलं नसतं. तिथे दुसरं नाव डोक्यात असणं म्हणजे घोटाळ्याला निमंत्रण. इथवर घडवलेल्या शब्दांचा पक्ष हरला.

पण गंमत पुढे आहे. इंग्रजी नाव अचूक वाचणाऱ्यालाही धोका कळतोच असं नाही. दीड ग्रॅम म्हणजे चिमूटभर! एवढ्याने काय होतं? इथे नाव नव्हे, तत्त्व लागतं: शरीर क्षार वजनावर घेत नाही, नगावर घेतं. बाजारात धान्य किलोवर आणि केळी डझनावर, तसंच हे. रसायनातला ‘मोल’ म्हणजे एक फार मोठा डझन, आणि मिलिमोल म्हणजे त्याचा हजारावा भाग. एक ग्रॅम मिठात सोडियमचे सुमारे १७ मिलिमोल भरतात, पण एक ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडमध्ये पोटॅशियमचे सुमारे १३.४च. वजन सारखं, नग वेगळे.

आता कुपीचा हिशेब करा. दीड ग्रॅम म्हणजे २० मिलिमोल. रक्तद्रवात दर लिटरला पोटॅशियम साधारण ४ मिलिमोल, आणि प्रौढ माणसाच्या अंगात रक्तद्रव सुमारे ३ लिटर. म्हणजे सगळे मिळून १२. सबंध रक्तद्रवात जेवढं पोटॅशियम आहे त्याहून जास्त त्या एका कुपीत! हे ज्याला मातृभाषेत एकदा उमगलं, त्याचा हात कुपी उचलताना आपोआप थबकेल. पाठांतराने तो थबकत नाही, मग पाठांतर इंग्रजीतलं असो की संस्कृतप्रचुर मराठीतलं.

तीच गोष्ट सलाइनच्या बाटलीची. ‘नॉर्मल’ सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे १५४ मिलिमोल सोडियम आणि तेवढंच क्लोराइड. रक्तात सोडियम १३५ ते १४५, क्लोराइड त्याहून बरंच कमी. मग ‘नॉर्मल’ कसलं? शब्द इंग्रजी असला म्हणून तो खरं बोलतो असं नाही, हे इंग्रजीच्या कैवाऱ्यांनीही लक्षात घ्यावं.

हा वाद काही आजचा नव्हे. १८६० च्या दशकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग चालत. इकडे बडोद्याचं मेडिकल कॉलेज १९४९ साली निघालं ते इंग्रजी माध्यमाचं, आणि समोरचा रोगी मात्र गुजराती-मराठी बोलणारा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने एम.बी.बी.एस.ची पहिली हिंदी पुस्तकं काढली, त्यांत जीवरसायनही होतं. तिथे बहुतेक संज्ञा इंग्रजीच ठेवून नागरीत छापल्या. त्यावर टीका झाली, टिंगलही झाली. मला ती निवड बरोबर वाटते, पण अपुरी. नाव तसंच ठेवलं हे चांगलं. पुढची वाक्यं विद्यार्थ्याच्या ओळखीच्या व्यवहारातून उगवली आहेत की इंग्रजी वाक्याला हिंदी क्रियापद चिकटवलंय, ही खरी परीक्षा.

तेव्हा कलाभवनाचा धडा मी असा वाचतो. गज्जरांच्या शाळेत मातृभाषा चालली, कारण ती हातातल्या कामाला जोडलेली होती. नुसती कोशातून आणलेली नव्हती. वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या हातातलं काम म्हणजे कुपी, बाटली, तराजू आणि रोग्याचा कागद. तिथे नाव लेबलावरचं ठेवा आणि समजावणं घरच्या भाषेतलं. पालाश, सिंधु, हर हे शब्द आपल्या ग्रंथालयांत जपून ठेवू, त्यांचा इतिहास लिहू. तो लिहिण्यासारखा आहे. वॉर्डात मात्र त्यांना नेऊ नये. आणि ‘मिलिमोल म्हणजे काय गं?’ असं एखाद्या नर्सिंगच्या मुलीने विचारलं, तर तिला व्याख्या पाठ करायला न लावता खंडेराव मार्केटात नेऊन डझनभर केळी तराजूत टाकून दाखवावीत. गज्जरांनी बहुधा तेच केलं असतं.