एलियटचं कुरण आणि न पेरलेली पट्टी

तणांनी भरलेलं शेत कुरणात बदलण्याविषयी वाचायला लागलात, की रॉबर्ट एलियट कधीतरी भेटतोच. स्कॉटलंडच्या सीमाभागातल्या क्लिफ्टन पार्कचा हा जमीनदार. त्याचं पुस्तक १८९८चं. धान्याचे भाव पडले होते, मशागत परवडत नव्हती, म्हणून तिकडचे बरेच शेतकरी नांगरट सोडून जमीन गवताखाली आणत होते. एलियट म्हणाला, नुसतं गवत पेरून भागायचं नाही. खोल मुळांच्या वनस्पती मिसळा, काही वर्षं जनावरं चारा, मग ती हिरळ मोडून पीक घ्या.

त्याच्या मिश्रणात चिकोरी होती, यारो होती. यारोला कितीतरी शेतकरी तणच म्हणतात! (एलियटचे म्हैसूरकडे कॉफीचे मळे होते. कॉफीवाल्याने चिकोरीचं कौतुक करावं, ही गंमतच.) मला पुस्तकातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. तण कोणतं, हे वनस्पतीवर ठरत नाही, जमिनीकडून आपल्याला काय हवंय त्यावर ठरतं. आपल्याकडची हराळी बघा. ज्वारीत ती शत्रू, पण बांधावर म्हैस तीच आवडीने खाते.

आता दोष. तोही मोठा आहे.

एलियटने एकाच वेळी सगळंच बदललं. नांगरट थांबली, नवं बी पडलं, मेंढ्या आल्या, त्यांचं खत पडलं. जमीन सुधारली हे मान्य, पण ती कशामुळे? दरवर्षी बियांपासून उगवणारी बरीच तणं नांगरट थांबली की आपोआपच मागे हटतात. मग श्रेय चिकोरीच्या मुळांना द्यायचं, मेंढ्यांना, की नुसत्या विश्रांतीला? शेजारी न पेरलेला तुकडा ठेवला असता तर कळलं असतं. तो मुळं किती खोल गेली हे पाहायचा, बियाण्याचा खर्चही मांडायचा. तुलना मात्र राहिली.

हसू नका. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये हेच होतं. गाजर गवताने भरलेलं पडीक शेत, त्यात मारवेल आणि स्टायलो, दोन वर्षं, ‘आधी’ आणि ‘नंतर’ची मोजणी. गाईडनी एकच विचारलं, “त्या दोन वर्षांत पाऊस सारखाच पडणार आहे का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आता प्लॉट चार प्रकारचे आहेत: पेरलेले नि चारलेले, पेरलेले नि बंद, न पेरलेले नि चारलेले, न पेरलेले नि बंद. प्रत्येकाच्या अनेक प्रती, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या. चराईला वेगळं काढणं आपल्याकडे फारच गरजेचं आहे. गाजर गवताला जनावर सहसा तोंड लावत नाही. गवत रुजायच्या आत गुरं सोडली तर ती कोवळा मारवेल खातात आणि तणाला जागा मोकळी करून देतात. एलियटचा सल्ला इथे जसाच्या तसा उचलला तर तोंडघशी पडाल.

कागदावर हे छान दिसतं. पण ज्यांच्या शेतात प्रयोग आहे, ते काका न पेरलेल्या पट्ट्या बघून म्हणाले, “ह्याचं बी उडून शेजारच्या रानात गेलं, तर शिव्या कोण खाणार? तुझा कंट्रोल?” सध्या त्या पट्ट्या निम्म्या रुंदीच्या केल्यात आणि कडेचं गाजर गवत फुलायच्या आत मी स्वतः उपटतोय. मोजणी फक्त मधल्या भागाची.