हवामान बदलले : कर्ता कोण?

पर्यावरणविषयक मराठी लेखन वाचताना अलीकडे माझे लक्ष आशयाइतकेच वाक्यरचनेकडेही जाऊ लागले आहे. ‘हवामान बदलले’, ‘तापमान वाढले’, ‘पाऊस बेभरवशाचा झाला’. या वाक्यांत सगळे आपोआप घडते. करणारा कोणी दिसत नाही. हा प्रश्न निव्वळ शैलीचा आहे, असे मला वाटत नाही.

प्रथम ‘हवामान’ हा शब्द घेऊ. ‘हवा’ म्हणजे त्या त्या वेळची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे दीर्घकालीन सरासरी, हा भेद आपण शालेय भूगोलात पाठ केला. व्यवहारात मात्र ‘उद्याचे हवामान’ हेच रूढ झाले. त्यामुळे ‘हवामान बदल’ म्हणताच ‘ते तर रोजच बदलते’ हे उत्तर तयार असते.

‘हरितगृह’ हे रूपकही तपासायला हवे. काचेचे घर उबदार राहते ते मुख्यतः आतली तापलेली हवा बाहेर जात नाही म्हणून. वातावरणाची रीत वेगळी आहे. जॉन टिंडल यांनी १८५९पासून केलेल्या प्रयोगांत दाखवले, की नायट्रोजन व ऑक्सिजन उष्णतेचे किरण जवळजवळ अडवत नाहीत. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड मात्र ते शोषतात. त्यातली काही उष्णता जमिनीकडे परतते. ही ऊब नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे उणे १८ अंश सेल्सिअस असते. ते सुमारे १५ अंश आहे. म्हणजे हे वायू मुळात उपकारकच. घात होतो तो त्यांचे प्रमाण वाढवल्याने. ‘हरित’ या प्रसन्न विशेषणात ते वाढवणारा हात दिसत नाही.

आता क्रियापद. ‘बदलणे’ मराठीत अकर्मकही आहे आणि सकर्मकही. ‘हवामान बदलले’ आणि ‘आपण हवामान बदलले’ यांत क्रियापदाचे रूप एकच. कर्ता गाळला तरी वाक्य अपुरे वाटत नाही. भाषेची ही सोय आपली पळवाट झाली आहे.

हवेने मात्र कर्ता लपवलेला नाही. कार्बन-१४चे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे. कोट्यवधी वर्षे गाडलेल्या कोळशात तो उरत नाही. कोळसा आणि खनिज तेल जाळले, की त्यांतला कार्बन हवेत मिसळून तिथले कार्बन-१४चे प्रमाण घटवतो. हान्स स्यूस यांनी १९५५मध्ये झाडांच्या लाकडात ही खूण दाखवली. १९५८मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आता ते ४२०हून अधिक आहेत.

तरीही ‘आपण’ हा कर्ता घालून काम संपत नाही. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो, भारतात सुमारे २ टन. आणि भारतातही वातानुकूलित घरात राहणारा व चुलीपुढे बसणारी यांचा वाटा सारखा नाही. समोरच्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि वगळणारे ‘आम्ही’ असे दोन शब्द मराठीने दिले आहेत. जबाबदारीच्या वाक्यात त्यांची निवड डोळसपणे व्हावी.

या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात मीही ‘तापमान वाढले’ असे लिहिले होते. नंतर ते ‘वाढवले’ असे केले. अक्षर एकच वाढले, पण त्यानंतर ‘कोणी?’ हा प्रश्न टाळता येईना.