उशिरा ऐकणारा टीव्ही

तीन वर्षांपूर्वी मी 'मॅनिक मायनर'वर एक लेख लिहिला होता. १९८३ सालचा, मॅथ्यू स्मिथचा, झेडएक्स स्पेक्ट्रमवरचा हा गेम. वीस गुहा, विली नावाचा एक खाणकामगार आणि इंचाइंचाच्या हिशोबानं मारायच्या उड्या. मी लिहिलं होतं की ऐतिहासिक महत्त्व वगैरे ठीक आहे, पण हा गेम खेळणाऱ्याशी बेइमानी करतो. कळ दाबली तरी विली वेळेवर उडत नाही, आणि या ढिसाळपणाला आपण 'जुन्या गेम्सचा कठीणपणा' म्हणून डोक्यावर घेतो. लेख बऱ्यापैकी फिरला. तो चुकीचा होता. चूक माझ्या टीव्हीची होती, पण लेखाखाली नाव माझं होतं.

मशीन मामाचं. ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस भारतात विकला, 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावानं. मामाचा तो डबा तीसेक वर्षं माळ्यावर पडून होता. मी तो उतरवला, पुसला, कॅसेट प्लेअरच्या जागी माझा फोन लावला. हो, फोनवरून तीच किंचाळणारी फाइल फुल व्हॉल्यूमवर वाजवली की गेम लोड होतो, करून बघा. अडचण आली ती पडद्याची. या कॉम्प्युटरमधून चित्र बाहेर येतं ते अँटेनाच्या वायरीतून, टीव्हीच्या छत्तीस नंबरच्या चॅनेलवर. तपकीर गल्लीतल्या एका कारागिरानं आतला मॉड्युलेटर बाजूला ठेवून साधा व्हिडिओ सिग्नल थेट काढून दिला. तो मी हॉलमधल्या त्रेचाळीस इंची टीव्हीला जोडला आणि त्यावर खेळून निकाल देऊन मोकळी झाले.

मामानं लेख वाचला आणि पुढच्या रविवारी घरी आला. खेळायला बसला. पहिल्याच गुहेत तीनदा मेला. मग कळांकडे बघत म्हणाला, "अगं, मी काही इतका वाईट नव्हतो. तुझा टीव्ही उशिरा ऐकतोय."

मला ते म्हातारपणाचं कारण वाटलं. पण मोजायला काय जातं? कळ दाबताच स्क्रीनच्या कडेचा रंग बदलणारा एक चिमुकला प्रोग्राम लिहिला, फोनचा कॅमेरा २४० फ्रेम्सच्या स्लो-मोशनवर ठेवला, आणि बोट व टीव्ही एकाच चौकटीत धरले. बोट टेकल्यापासून रंग बदलेपर्यंत २७ फ्रेम्स. म्हणजे ११० मिलीसेकंदांहून जास्त. स्पेक्ट्रमचं एक चित्र वीस मिलीसेकंदांचं असतं. टीव्ही पाच चित्रं मागे होता.

का, ते समजून घेण्यासारखं आहे. जुनं टीव्ही प्रक्षेपण एक चित्र दोन अर्ध्या भागांत पाठवायचं: आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या. स्पेक्ट्रम असलं काही करत नाही. तो ३१२ ओळींचं चित्र त्याच जागी पुन्हा पुन्हा, सेकंदाला साधारण पन्नास वेळा काढतो. आजचा टीव्ही मात्र या पूर्ण चित्राला अर्धं समजतो, जोडीदाराची वाट बघतो, दोन्ही मिसळतो, मग ताणतो, मग गुळगुळीत करतो. गेम मोड असतो, पण माझ्या टीव्हीत तो या जुन्या सॉकेटला लागूच होत नव्हता.

आता 'मॅनिक मायनर'कडे परत या. विली एकदा उडाला की त्याला हवेत वळवता येत नाही. उडीची कमान ठरलेली. म्हणजे खेळणाऱ्याचा सगळा निर्णय कळ दाबण्याच्या एका क्षणात संपतो, पुढे नुसतं बघत राहायचं. गेमची स्वतःची चाल काही फार चपळ नाही, पण ती कायम तेवढीच असते, हाताला तिची सवय होते. माझ्या टीव्हीनं त्या एका क्षणावरच पाणी ओतलं होतं. ज्याला मी ढिसाळ म्हटलं ती या गेममधली सगळ्यात काटेकोर गोष्ट आहे.

म्हणून मॉनिटर शोधायला लागले. या विषयावर बोलणारे लोक मुख्यतः पिक्सेलच्या धारेबद्दल बोलतात. स्पेक्ट्रमचं चित्र २५६ बाय १९२. ते बरोबर सहापट केलं तर १५३६ बाय ११५२ होतं आणि १६०० बाय १२०० च्या जुन्या चौकोनी एलसीडीवर झकास बसतं, प्रत्येक पिक्सेल कापल्यासारखा. मीही भुलले होते. पण मग चित्राभोवतीच्या बॉर्डरला उरतं काय? डाव्या-उजव्या बाजूला स्पेक्ट्रमचे जेमतेम पाच पिक्सेल. आणि बॉर्डर म्हणजे रिकामी चौकट नव्हे. लोड होताना नाचणारे पट्टे तिथेच असतात. १९८३ च्या 'अ‍ॅक्वाप्लेन'मध्ये तर समुद्र आणि आकाश बॉर्डरमध्ये पसरतात. ती कापली की क्षितिज एका खिडकीत कोंडलं जातं. पाचपट करा, बाजूंना बत्तीस-बत्तीस पिक्सेल मिळतात, समुद्राला जागा होते. सोळा बाय नऊच्या टीव्हीवर चित्र ताणून 'फुल स्क्रीन' करणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

दुसरी गोष्ट पन्नासची. स्वस्तातले एव्ही-टू-एचडीएमआय डबे बहुतेकदा साठ हर्ट्झ बाहेर काढतात. पन्नास चित्रं साठ जागांवर बसवायची तर दर पाचांनंतर एक चित्र दोनदा दाखवावं लागतं. सेकंदाला दहा अडखळणं. स्थिर चित्रात ते दिसत नाही, म्हणूनच विक्रीच्या फोटोंत सगळे डबे सारखेच छान दिसतात. एक ठिपका आडवा, एका चित्राला एक पिक्सेल असा सरकवा. तो चालत नाही, लंगडतो. तबलजीनं दर पाच मात्रांनंतर एक मात्रा दोनदा वाजवली तर आपण गायकाला नावं ठेवतो का?

शेवटी घेतला तो वापरलेला, वीस इंची, चार-तीनचा, मुकाट्यानं पन्नास हर्ट्झ स्वीकारणारा मॉनिटर, आणि मध्ये चित्र साठवून न ठेवता आलेली ओळ लगेच दोनदा पुढे पाठवणारा लाइन डबलर. कडा थोड्या मऊ दिसतात. बॉर्डर पूर्ण दिसते. तोच प्रोग्राम, तोच फोन: ५ फ्रेम्स. एक दोष राहतोच: एलसीडी प्रत्येक चित्र पूर्ण वीस मिलीसेकंद धरून ठेवतो, त्यामुळे सरकता ठिपका किंचित फरफटतो. जुन्या काचेच्या टीव्हीत तो क्षणभर चमकून विझायचा. त्यावर सध्या तरी माझ्याकडे इलाज नाही.

स्कॅनलाइनचे फिल्टर मी लावत नाही. काळ्या आडव्या रेघा ओढून 'मूळ अनुभव' मिळतो म्हणतात, पण मूळ कोणाचा? मामाकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. त्याचं 'नाइट लोर' त्याला आठवतं ते राखाडी. आणि गंमत म्हणजे ते चूक नव्हतं. स्पेक्ट्रमच्या रंगांचे क्रमांक शून्य ते सात उजेडाच्या क्रमानं लावलेत: काळा, निळा, लाल, जांभळट, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. ज्या घरात रंगीत टीव्ही नाही तिथे हे रंग आपोआप राखाडीच्या आठ पायऱ्या होतात. मशीन बनवणाऱ्यांनी मामाचा पडदा हिशोबात धरला होता. वेळेचा मात्र एकच हिशोब होता, तो सगळ्या घरांत सारखा.

मामाला परत बोलावलं. त्यानं पहिली गुहा एका दमात पार केली, दुसरीत मेला, आणि चूक आपलीच आहे हे ओळखून स्वतःलाच शिवी दिली. मग मॉनिटरचा मेन्यू उघडायला सांगितला. सॅच्युरेशन सापडेपर्यंत आम्ही दोघं बटणांशी झटत होतो. ते शून्यावर नेलं तेव्हा तो खुर्ची पुढे ओढून परत खेळायला बसला.

जुना लेख मी काढलेला नाही. त्याच्या वर आता मॉनिटरचा आकार, हर्ट्झ आणि त्या ५ फ्रेम्स लिहिल्या आहेत, आणि 'ढिसाळ' हा शब्द मागे घेतला आहे.