वाटेकरी वकील

मंडळी, 'अपघाताचे दावे आणि वकिलाची जबाबदारी' असा विषय दिला की वक्त्याने नियम वाचून दाखवावेत, अशी अपेक्षा असते. नियम मी सांगणार आहे, पण दोनच. त्याआधी एका पुस्तकाबद्दल बोलू द्या. या विषयावर कोणी काही वाचायला मागितलं की हटकून हेच पुस्तक सुचवलं जातं, आणि माझ्या मते ते भलत्याच कारणासाठी सुचवलं जातं.

पुस्तक आहे जोनाथन हार यांचं 'अ सिव्हिल अ‍ॅक्शन', १९९५ चं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वोबर्न नावाचं गाव आहे. तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या दोन विहिरी, नावं फक्त 'जी' आणि 'एच', १९७९ मध्ये बंद केल्या गेल्या. पाण्यात कारखान्यांत वापरली जाणारी द्रावकं सापडली होती. त्याच वस्तीत लहान मुलांना ल्युकेमिया झाला होता, काही मुलं गेली होती. आठ कुटुंबांनी दोन बड्या कंपन्यांवर दावा लावला: डब्ल्यू. आर. ग्रेस आणि बिअ‍ॅट्रिस फूड्स. वकील होता बोस्टनचा तरुण जॅन श्लिक्टमन. १९८६ मध्ये खटला चालला. ज्यूरीने बिअ‍ॅट्रिसला सोडलं, ग्रेसला धरलं. खटल्याचा पुढचा टप्पा सुरू होण्याआधी ग्रेसने ऐंशी लाख डॉलरवर तडजोड केली. वकिलाचं दिवाळं निघालं.

ही गोष्ट सांगितली जाते ती अशी: एका माणसाने न्यायासाठी सर्वस्व पणाला लावलं. १९९८ च्या सिनेमात जॉन ट्रॅव्होल्टा ही भूमिका करतो आणि शेवटी आपल्याला त्याची कीव येते. कीव येऊ द्या, हरकत नाही. पण जरा हिशोब बघू. ऐंशी लाखांतून दाव्याचा खर्च वजा झाला सुमारे सव्वीस लाख आणि वकिलांची फी सुमारे बावीस लाख. फी त्यांनी ठरलेल्या टक्क्यापेक्षा कमी घेतली, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवं. तरीसुद्धा निम्म्याहून जास्त रक्कम मधल्या मध्ये गेली. उरलं ते आठ घरांत वाटलं गेलं. ज्यांतली काही मुलं गेली, त्या घरांत.

हार यांनी आठ वर्षांहून जास्त काळ या एका पुस्तकावर घालवला आणि त्यातला मोठा भाग ते श्लिक्टमनच्या ऑफिसात बसून होते. पुस्तकाचं सगळं बळ त्यातून आलं आहे. बँकेकडून काढलेलं कर्ज, गहाण पडलेली घरं, भूजलाच्या अभ्यासासाठी तज्ज्ञांना मोजलेले पैसे, हे इतक्या बारकाईने लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. पुस्तकाचा दोषही त्याच खुर्चीतून आला आहे. सुरुवातीला आपल्याला एक आई भेटते. शेजारपाजारच्या मुलांनाही तोच आजार आहे हे तिच्या लक्षात येतं आणि पाण्यावरचा तिचा संशय कोणी मनावर घेत नाही. पहिली काही पानं वकिलाची आहेत, पण त्यानंतरची तिची आहेत. मग वकील परत येतो, आणि पुस्तकाच्या मधल्या भागात ही कुटुंबं जवळजवळ दिसेनाशी होतात. लेखकाने हे जाणूनबुजून केलं असतं तर मी त्याला दाद दिली असती. तसं वाटत नाही. वकिलाच्या ऑफिसातून पक्षकार जेवढा दिसतो, तेवढाच तो पुस्तकात उतरला आहे.

सिनेमात एक प्रसंग आहे. बिअ‍ॅट्रिसचा म्हातारा वकील जेरोम फॅशर (रॉबर्ट डुव्हाल यांनी काय सुरेख केलाय!) कोर्टाच्या बाहेर पॅसेजमध्ये बसलाय. तो खिशातून वीस डॉलरची नोट काढतो आणि विचारतो, हिच्यापुढे सहा शून्यं लावली तर? म्हणजे दोन कोटी डॉलर. श्लिक्टमन नकार देतो. प्रेक्षकाला वाटतं, वा, विकला गेला नाही! मला मात्र तिथे विचारावंसं वाटतं की हा नकार कोणाचा? आठ घरांपैकी एकालाही त्या क्षणी विचारलेलं नाही. अमेरिकन बार असोसिएशनच्या १९८३ च्या नमुना नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की तडजोड करायची की नाही, हे पक्षकाराने ठरवायचं आणि वकिलाने ते मानायचं. हा पहिला नियम. देऊ केलेली रक्कम कमी आहे असं वकिलाला वाटू शकतं. तसं त्याने सांगावं, जोरात सांगावं. पण आधी निरोप पोचवावा. सिनेमा या प्रसंगाला शौर्य समजतो, आणि तिथेच तो मला खोटा वाटतो.

यात लोभ शोधू नका. श्लिक्टमन लोभी असता तर प्रश्न सोपा होता. त्याने इतका पैसा ओतला होता की दावा त्याचाही झाला होता. कर्ज काढलेला वकील पक्षकाराला सल्ला देतो तेव्हा त्या खोलीत बँकही बसलेली असते. कधी ती म्हणते, थांब, अजून मिळेल. कधी म्हणते, आत्ताच घे. दोन्ही वेळा आवाज मात्र वकिलाचा असतो.

समोरच्या बाजूबद्दलही एक सांगतो. बिअ‍ॅट्रिसशी संबंधित चामड्याच्या कारखान्याच्या जमिनीचा एक अहवाल वेळेवर दिला गेला नव्हता, हे निकालानंतर उघड झालं. न्यायाधीश वॉल्टर स्किनर यांनी वकिली गैरवर्तन झाल्याचं मान्य केलं, पण खटला पुन्हा चालवायला नकार दिला. हार यांनी हा भाग चांगला लिहिला आहे, चीड दाबून.

आता आपल्याकडे येऊ. (समोर वकीलमंडळी बसली आहेत, त्यांनी रागावू नये.) आपल्याकडे टक्क्यावर फी ठरवायला बंदी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ते आहे: निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा मागायचा नाही. हा दुसरा नियम. म्हणजे वोबर्नमध्ये जे कागदावर लिहून, सही करून होतं, ते इथे गैरवर्तन आहे. मग इथे होतच नाही का? मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या आवारात चहाच्या टपरीवर अर्धा तास उभे राहा.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, न्यायमूर्ती आदर्श गोयल आणि उदय लळित यांचा. नवरा अपघातात गेलेल्या एका बाईंनी वकिलाला दहा लाख रुपये दिले होते. त्याने आणखी दहा लाखांचा चेक लिहून घेतला. तो वटला नाही, तर त्याने तिच्याच विरुद्ध चेक बाउन्सची फौजदारी केस केली. विचार करा, कालपर्यंत जो 'ताई, काळजी करू नका' म्हणत होता, तो आता फिर्यादी! कोर्टाने ती केस रद्द केली आणि दाव्याच्या रकमेवर टक्क्याने फी मागणं हे गैरवर्तन आहे असं सांगितलं.

तरी मी 'बंदी आहे, विषय संपला' असं म्हणणार नाही. वोबर्नच्या पालकांकडे भूजलतज्ज्ञाला द्यायला पैसे नव्हते. टक्क्याची पद्धत नसती तर तो दावा उभाच राहिला नसता, आणि हार यांच्या पुस्तकाचं हे म्हणणं खोडून काढता येत नाही. आपण बंदी घातली, पण गरीब माणसाने वकील कसा करायचा याचं उत्तर पुरेसं दिलं नाही. म्हणून टक्का तोंडी झाला. अमेरिकेत तो निदान करारात वाचता येतो, त्यावर भांडता येतं. इथे तो बाईंना कळतो तो चेक लिहिताना.

आपल्या कोर्टांना हे माहीत नाही असं समजू नका. १९९० च्या दशकातच सुप्रीम कोर्टाने सुसम्मा थॉमस खटल्यात घालून दिलंय की अज्ञान मुलांची आणि निरक्षर दावेदारांची रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवावी, त्यांची कोणी लुबाडणूक करू नये म्हणून. ही काळजी दावा जिंकल्यानंतर घ्यावी लागते, म्हणजे प्रतिवादी तोवर बाजूला झालेला असतो. मग ती ठेव कोणाच्या भीतीने? त्या यादीत नातेवाईक आहेत, दलाल आहेत, आणि ज्याच्या वकीलपत्रावर त्या बाईंचा अंगठा आहे तोही आहे.