ओर्ताचे संवाद : एक पुनर्वाचन

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. सर क्लेमेंट्स मार्कम यांच्या १९१३ सालच्या इंग्रजी अनुवादातून आम्ही तो वाचला. स्वतः ओर्ता आणि रुआनो नावाचा कल्पित पाहुणा यांच्या प्रश्नोत्तरांतून मिरी, हिंग, अफू, आंबा यांचा परिचय घडतो. औषधींचा कोश म्हणून या ग्रंथाचा गौरव पुष्कळ झाला. आम्हांस त्याचे खरे मोल लेखकाच्या दृष्टीत वाटते. मात्र त्या दृष्टीची मर्यादाही सांगितली पाहिजे.

पटकीवरील संवाद पाहावा. ओर्ताने नोंदविलेले या रोगाचे देशी नाव ‘मोर्शी’. ते आपल्या ‘मोडशी’चेच रूप होय. क्षीण नाडी, थंड घाम, खोल गेलेले डोळे, न शमणारी तहान ही लक्षणे त्याने अचूक टिपली. येथील वैद्य मिरी व जिरे घातलेली तांदळाची कांजी देतात, हेही तो सांगतो. पोलादपूरकडच्या घरांतून आजाऱ्याला पेज देण्याची रीत आहेच. मीठ घातलेली पेज शरीरातील पाण्याची झीज भरून काढते, हे आजचे वैद्यकही मानते. मालुपा नावाच्या हिंदू वैद्यालाही ओर्ताने एका संवादात बोलते केले आहे. जेत्यांच्या राजधानीत बसून जितांचे ज्ञान ऐकणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु रोग का होतो, औषध का लागू पडते, असे विचारताच ओर्ता गॅलेनच्या दोषविचाराकडे आणि उष्ण-शीताच्या मापाकडे वळतो. हे जुने कोडे युरोपात किमयागारांच्या भट्टीजवळ सुटू लागले होते. पॅरासेल्ससने जठरातच एक किमयागार कल्पिला, तो अन्नातील सार आणि विष वेगळे करतो असे मानले. पुढे व्हान हेल्मॉन्ट या श्रद्धावान कॅथलिकाने, अन्न केवळ उष्णतेने नव्हे तर आम्ल व किण्व यांच्या योगे पचते, असे प्रतिपादले. त्याचा ग्रंथ १६४८ साली, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. किमयागारांना सोने लाभले नाही. पण शरीरशास्त्राला रसायनाची भाषा लाभली. ओर्ताजवळ डोळे होते, ही भाषा नव्हती.

आता जे लिहावयाचे ते आम्हांस जड जाते. ओर्ता ज्यू वंशातील नवख्रिस्ती होता. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना गोव्यात जिवंत जाळली गेली आणि १५८० साली इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. आरोप वैद्यकाचा नव्हता, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याचा होता. ही सबब आम्हांस दिलासा देत नाही. ज्याने परक्याचे ऐकून घेतले, त्याचे ऐकून घेणारे ख्रिस्तसभेत कोणी उरले नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अपराधांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या नावाने झालेली बळजबरी आणि इस्राएल प्रजेवरील अन्याय त्या प्रार्थनेत होते.

म्हणून हा ग्रंथ आपल्या कुटुंबांतून वाचला जावा. प्रथम मोडशीचा संवाद वाचावा, आणि तो लिहिणाऱ्यासाठी एक प्रार्थना करावी.