श्रवणाकडून कादंबरीकडे : अण्णा भाऊ साठे यांच्या लेखकीय जडणघडणीचा पुनर्विचार

कादंबरीकाराच्या जडणघडणीचा विचार करताना मराठी समीक्षा बहुधा त्याच्या बालपणीच्या वाचनापासून आरंभ करते. घरातील पुस्तके, गावचे वाचनालय, एखादे व्यासंगी गुरुजी हा क्रम जणू ठरलेलाच असतो. अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांना तो लागू पडत नाही. मग 'दीड दिवसाची शाळा' या आख्यायिकेचा आधार घेतला जातो आणि कौतुकाच्या भरात त्यांच्या कादंबरीकलेची चिकित्सा मागे पडते. बालपणीच्या वाचनाची जागा त्यांच्या बाबतीत कशाने घेतली आणि तिचे परिणाम 'फकिरा'च्या रचनेवर कसे झाले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात जन्मलेल्या अण्णा भाऊंना अक्षराआधी भेटला तो स्वर. पोवाडे, लावण्या, नात्यातील बापू साठे यांचा तमाशा आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या पराक्रमाच्या गोष्टी ही त्यांची पहिली साहित्यसंपदा होय. १९३०च्या दशकाच्या आरंभी कुटुंब पायी मुंबईस आले. अक्षरओळख झाली ती येथे, कष्टाची कामे करता करता.

या प्रवासात माटुंग्याचे स्थान महत्त्वाचे आहे. १९३७ साली माटुंग्यात रुईया आणि खालसा ही महाविद्यालये सुरू झाली. रेल्वेच्या पलीकडे, धारावीला लागून असलेल्या लेबर कॅम्प या श्रमिकांच्या वस्तीत मात्र वेगळेच शिक्षण चालू होते. कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या सहवासात अण्णा भाऊंचे वाचन वाढले. मॅक्झिम गॉर्कीशी परिचय झाला. कॅम्पातील डासांवर त्यांनी गाणे रचले. पुढे १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. याच वस्तीत वाढलेल्या बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला, हे लक्षात घेतले म्हणजे लेबर कॅम्पला मराठी साहित्याच्या इतिहासात स्वतंत्र स्थान का द्यावयास हवे, हे उमगते.

'फकिरा' (१९५९) ही कादंबरी लेखकाच्या नात्यातील एका बंडखोराच्या, घरात ऐकलेल्या कथांवर उभी आहे. श्रवणाचा संस्कार तिच्या रचनेत स्पष्ट दिसतो. प्रसंग आटोपशीर आहेत, कथन वेगवान आहे, संवाद मोठ्याने म्हणण्याजोगे आहेत. जोगणी आणताना राणोजीला आलेले मरण आणि दुष्काळात फकिराने केलेली खजिन्याची लूट ही पोवाड्यातील चौकांप्रमाणे एकामागून एक येतात. या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. सुष्ट आणि दुष्ट यांची विभागणी ठळक राहते. पात्रांच्या मनातील द्वंद्वाला फारसा अवकाश मिळत नाही. या मर्यादा लपविण्याचे कारण नाही. परंतु त्यांचे मूळ शिक्षणाच्या अभावात नसून कथनपरंपरेच्या निवडीत आहे.

आणखी एक बाब विचारात घ्यावयास हवी. या कादंबरीत लेखन ही प्रामुख्याने सत्तेच्या हातातील गोष्ट आहे. ब्रिटिश सरकारची हजेरी मांगांना जन्मजात गुन्हेगार ठरविते, तर त्यांचा पराक्रम जिवंत राहतो तो लोकांच्या तोंडी. लिहावयास उशिरा शिकलेल्या लेखकाने ही मौखिक स्मृती छापील पुस्तकात आणली आणि सरकारी नोंदीसमोर दुसरी नोंद उभी केली. 'फकिरा'ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार लाभला, ही घटना या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते.

तात्पर्य, अण्णा भाऊंच्या बालपणी पुस्तके नव्हती, साहित्य होते. आपल्या वर्गांत अशा घरांतून येणारे विद्यार्थी आजही बसतात. त्यांच्याजवळ वाचनाचे संस्कार नाहीत असा निर्वाळा देण्यापूर्वी त्यांनी काय ऐकले आहे, हे विचारणे अध्यापकाचे आणि समीक्षकाचेही कर्तव्य ठरते.