साहेबांची चूक आणि 'आपण' हा शब्द
वरिष्ठांचा एखादा निर्णय फसतो. सगळ्या ऑफिसला ते कळलेलं असतं, चहाच्या टपरीवर चर्चा होते; फक्त साहेबांसमोर कोणी बोलत नाही. आणि बोललंच कोणी, तर पहिलं वाक्य ठरलेलं : 'मी तेव्हाच सांगत होतो.' झालं! साहेब चूक सुधारायचं सोडून स्वतःचा बचाव करायला लागतात. पडलो तरी नाक वर.

या अडचणीवरचा एक प्रसंग अँड्र्यू ग्रोव्ह यांच्या 'ओन्ली द पॅरनॉइड सर्व्हाइव्ह' (१९९६) या पुस्तकात आहे. मॅनेजमेंटच्या वर्गांत तो हमखास सांगतात. पण माझी तक्रार अशी, की तो अर्धाच सांगतात.

प्रसंग १९८५ सालचा. इंटेल कंपनी १९६८ मध्ये निघाली ती मेमरी चिप बनवण्यासाठी. पुढे जपानी कंपन्या चांगला माल स्वस्तात देऊ लागल्या, इंटेल मार खाऊ लागली. तरी मेमरी सोडवेना. घराण्याचा धंदाच तो! ग्रोव्ह तेव्हा कंपनीचे अध्यक्ष, आणि त्यांच्या वर संस्थापकांपैकी एक, गॉर्डन मूर. खिडकीतून दूरचा आकाशपाळणा फिरताना दिसतोय. ग्रोव्ह वळून मूरना विचारतात : संचालक मंडळानं आपल्याला काढून नवा माणूस आणला, तर तो काय करेल? मूर लगेच उत्तर देतात : मेमरीतून बाहेर पडेल. मग ग्रोव्ह सुचवतात, आपणच दाराबाहेर जाऊन परत आत येऊ आणि ते काम करू.

आता या प्रश्नाची बांधणी बघा. 'तुम्ही चुकलात' असं त्यात कुठेही नाही. निर्णय माणसापासून सुटा केलाय. आणि विचारणारा स्वतःलाही त्या चुकीत धरतो. मराठीत याला नेमका शब्द आहे : 'आपण'. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की दोघंही आत. ग्रोव्ह हे उगाच म्हणत नव्हते, त्या धोरणात त्यांचाही हात होता. ज्याचा हात नाही त्यानं नुसता शब्द उसना घेतला, तर साहेबांना ते लगेच कळतं.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं पुस्तकातच आहे, पण कोणी वाचून दाखवत नाही.

एक. त्या संभाषणाच्या आधीपासूनच उत्पादनाचं नियोजन करणारे आणि हिशेब बघणारे मधल्या फळीतले लोक, जिथे नफा जास्त तिथे, म्हणजे मायक्रोप्रोसेसरकडे, कारखान्याची क्षमता हळूहळू वळवत होते. वरून आदेश नव्हता. साहेबांना चुकीतून बाहेर पडायला नुसता प्रश्न पुरला नाही. पाय टेकायला जागा या लोकांनी आधीच तयार ठेवली होती. ग्रोव्ह हे मान्य करतात, पण श्रेय आकाशपाळण्याच्या दृश्यालाच मिळतं.

दोन. बाहेर जाऊन परत आत यायची सोय त्या दोघांना होती. कारखाने बंद झाले, हजारो लोकांची नोकरी गेली, त्यांना ती सोय नव्हती. वरिष्ठांची अब्रू राखताना ही किंमत कोण देतो, हे विचारायलाच हवं.

तीन, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. १९९४ मध्ये पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक सापडली. तेव्हा प्रमुख कोण? ग्रोव्हच. सामान्य ग्राहकाला ही चूक क्वचितच भेटेल, असा हिशेब मांडून कंपनी अडून बसली. लोकांचा संताप झाला, आयबीएमनं त्या चिपचे संगणक पाठवणं थांबवलं, तेव्हा डिसेंबरमध्ये मागेल त्याला चिप बदलून द्यायचं ठरलं. खर्च ४७५ दशलक्ष डॉलर! या संकटाचा अर्थ सगळ्यात शेवटी कळलेल्यांपैकी आपण एक होतो, असं ते स्वतःच लिहितात.

म्हणजे ज्यानं तो सुंदर प्रश्न विचारला, त्यालाही तो स्वतःला वेळेवर विचारता आला नाही. माझं वाचन असं, की मूरना ग्रोव्ह भेटले. ग्रोव्हना मात्र तसा कोणी वेळेत भेटला नाही. पुस्तक शहाण्या नेत्याचं म्हणून वाचलं जातं. मला ते शेजारी बसणाऱ्या माणसाचं वाटतं.

तेव्हा तुमच्यापैकी जे साहेब असतील, त्यांनी घरी जाताना एवढंच आठवून बघावं : आपल्याला 'आपण' म्हणून विचारणारा माणूस ऑफिसात आहे का? की मागच्याच खेपेला त्याची बदली केली?